शिल्पावर नवी जाळी चढवताना: रीटोपॉलॉजीचा माझा अनुभव

डिजिटल मातीतून घडवलेलं डोकं कितीही देखणं असलं, तरी अ‍ॅनिमेशनला ते जसंच्या तसं चालत नाही. मी स्कल्प्ट केलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यात लाखो फेस, म्हणजे पृष्ठभागाचे छोटे तुकडे, होते आणि त्यांच्या ओळींना ना दिशा, ना शिस्त. जबडा खाली ओढला की ओठांची कड चुरगळायची. त्यामुळे त्याच शिल्पावर हाताने नवी, हलकी जाळी बसवायला घेतली. यालाच रीटोपॉलॉजी म्हणतात आणि तिचं नाव काढलं की बरेच जण नाक मुरडतात. मला मात्र मॉडेलिंगमधलं सगळ्यात जास्त डोकं चालवायला लावणारं काम हेच वाटतं.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तयारी फार नाही. नवे व्हर्टेक्स (जाळीचे बिंदू) शिल्पाच्या पृष्ठभागाला चिकटावेत म्हणून स्नॅपिंग चालू केलं, अर्धाच चेहरा करायचा म्हणून दुसरी बाजू आपोआप उमटवणारा मिरर मॉडिफायर लावला आणि डोळ्यापासून सुरुवात केली.

जाळी क्वाडचीच, म्हणजे चार बाजूंच्या फेसचीच हवी, हे सगळेच सांगतात. कारण फार थोडे सांगतात. ग्राफिक्स कार्ड शेवटी सगळं त्रिकोणांतच मोडून काढतं, कारण त्रिकोणाचे तीन बिंदू कधीच प्रतल सोडत नाहीत. चौकोनाचा चौथा बिंदू जरा वरखाली झाला की तो फेस वाकतो आणि सॉफ्टवेअर त्याला एखाद्या कर्णावर दुमडतं. तरी क्वाड हवेत, कारण चौकोनात एका बाजूने शिरलं की समोरच्या बाजूने बाहेर पडता येतं. फेसची ओळ पुढे चालत राहते. त्रिकोण किंवा एन-गॉन (चारपेक्षा जास्त बाजूंचा फेस) मध्ये आला की ती तिथेच थांबते. शिवाय १९७८ साली एडविन कॅटमुल आणि जिम क्लार्क यांनी मांडलेल्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे फेसचे तुकडे पाडून जाळी गुळगुळीत करण्याच्या पद्धतीत जितक्या बाजूंचा फेस, तितके क्वाड तयार होतात. त्रिकोणाचे तीन, पंचकोनाचे पाच. मग त्या फेसच्या मधोमध चारऐवजी तीन किंवा पाच एज (फेसच्या कडा) जुळणारा बिंदू, म्हणजे पोल, तयार होतो आणि पुढे कितीही वेळा सबडिव्हाइड केलं तरी तो जात नाही. गुळगुळीत गालावर तो चिमटा काढल्यासारखा दिसतो.

डोळ्याभोवती आणि तोंडाभोवती गोल लूप, म्हणजे फेसच्या सलग ओळी, टाकले, कारण तिथले स्नायूही गोलच आहेत. नाकपुडीच्या कडेपासून तोंडाला वळसा घालून हनुवटीखाली जाणारा लूपही लगेच टाकला. हसताना पडणारी घडी त्याच रेषेवर पडते, त्यामुळे तो लूप मी कधीच टाळत नाही.

खरी कसोटी लागली गालावर. डोळ्याकडून आलेली जाळी, तोंडाकडून आलेली जाळी आणि जबड्याची पट्टी, यांच्या मध्ये एक भोक उरलं. त्याच्या कडेला ११ एज होते. कसंही भरलं तरी शेवटी एक त्रिकोण उरायचाच. आणि उरणारच! प्रत्येक क्वाडला चार बाजू, म्हणजे सगळ्या बाजूंची बेरीज सम. आतला प्रत्येक एज दोन फेसमध्ये वाटला जातो, म्हणून तो दोनदा मोजला जातो. ते वजा केले की कडेचे एज उरतात, तेही समच. ११ एजचं भोक नुसत्या क्वाडनी भरताच येत नाही. हे एकदा लक्षात आलं की भरण्याची झटापट थांबते आणि आधी कड मोजायची सवय लागते.

मग भोकाच्या खालच्या एजमधून एक लूप कट मारला, म्हणजे फेसची अख्खी ओळ मधून चिरणारी नवी रेष टाकली. हा कट जबड्याखालून थेट गळ्याच्या उघड्या कडेवर जाऊन संपला आणि भोकाची कड १२ एजची झाली. हा लूप फिरून त्याच भोकात परत आला असता तर दोन एज वाढून संख्या विषमच राहिली असती, म्हणून तो कुठे संपतो हे बघणं महत्त्वाचं. भरताना पाच एजचा एक पोल उरला. तो गालाच्या हाडावर सरकवला. ओठांच्या कोपऱ्याच्या मानाने तिथली कातडी कमी हलते. पोल अजिबात नकोत, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. गोळ्यासारख्या बंद आकारावर सगळे फेस चौकोनी आणि प्रत्येक व्हर्टेक्सवर चारच एज, हे गणितानेच अशक्य आहे. साध्या घनाच्या आठही कोपऱ्यांवर तीन-तीन एज असतात. पोल कुठे ठेवायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

कानाच्या आत मी काही त्रिकोण खुशाल राहू दिले. तिथे काहीच हलत नाही.

नॉर्मल, म्हणजे प्रत्येक फेसचं तोंड कुठल्या दिशेला आहे, ते तपासायला फेस ओरिएंटेशन चालू केलं. बाहेर तोंड असलेले फेस निळे, उलटे लाल. कानामागची एक पट्टी लाल निघाली. सगळं निवडून शिफ्ट-एन दाबलं की दिशा सरळ होते आणि शेडिंगमधले काळे डागही जातात.

जबड्याचं हाड फिरवून तोंड उघडलं, तेव्हा ओठ लूपच्या ओळीत ताणले गेले आणि घडी हवी तिथेच पडली. सुरकुत्या आणि त्वचेची छिद्रं मूळ शिल्पावरून नॉर्मल मॅपमध्ये बेक केली, म्हणजे हलक्या जाळीवर उठाव भासवणाऱ्या चित्रात उतरवली. त्याआधी जाळीची एक प्रत काढून ती ट्रायअँग्युलेट केली (सगळे क्वाड त्रिकोणांत मोडले), कारण बेक करताना क्वाड एका कर्णावर आणि गेम इंजिनमध्ये दुसऱ्या कर्णावर दुमडला गेला, तर शेडिंगमध्ये तिरके ओरखडे उमटतात. क्वाडची मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवली; पुढचे सगळे बदल तिच्यातच करायचे आहेत.