डुकराच्या बरगड्या मऊ शिजवताना: माझा अनुभव

बरगड्या चुलीवर चढवून सव्वा तास झाला की मांसाचा लाल रंग गेलेला असतो, रक्त दिसत नाही, वासही शिजल्याचा येतो. नेमकं तेव्हाच ते सगळ्यात चिवट लागतं. पहिल्या दोन खेपांना मी इथेच फसलो. जास्त शिजलं म्हणून वातड झालं असं समजून गंज (पातेलं) उतरवून टाकला. तिसऱ्या खेपेला तोच गंज आणखी सव्वा तास मंद विस्तवावर ठेवला आणि हाडापासून मांस अलगद सुटू लागलं. शिजणं वेगळं आणि मऊ होणं वेगळं, हे कळल्यावर बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसल्या.

याचं कारण मांसातच आहे. बरगड्यांच्या मधल्या पट्ट्यांत पांढरट, चिवट धागे असतात. त्यांना कोलॅजन म्हणतात. मांसाचे तंतू ६० ते ६५ अंश सेल्सिअसलाच आकसतात आणि पाणी सोडतात. कोलॅजन मात्र ७० अंशांच्या पुढे सावकाश विरघळतं, आणि मांस आतून ९० ते ९५ अंशांवर काही काळ राहिलं की त्याचं जिलेटिन होऊन तोच चिवटपणा रसाळ होतो. म्हणजे मधल्या वेळात तंतू कोरडे झालेले असतात आणि धागे अजून सुटलेले नसतात. त्या वेळी घाई केली की संपलं.

आमच्याकडे डुकराचं मटण रोज मिळत नाही. रविवारी किंवा बाजाराच्या दिवशी डुक्कर कापलं जातं आणि वाटे घातले जातात. वाट्यात सगळ्या अंगाचं थोडं थोडं येतं आणि बरगड्यांवर कुऱ्हाड पडली की हाडाच्या बारीक कपच्या मांसात राहतात, त्या दाताखाली येतात. म्हणून मी आदल्या दिवशीच सांगून ठेवतो: चाप (बरगड्यांचा भाग) तोडायची नाही, सलग पट्टा ठेवायचा. ६ ते ८ हाडांचा एक पट्टा, असे दोन मिळून साधारण दीड किलो भरतात. केस जाळलेलं कातडं वर असेल तर तेही काढून द्यायला सांगतो. कातड्याला वेगळा वेळ लागतो.

मांस हातात आलं की उजेडात नीट बघावं. मोकाट फिरणाऱ्या डुकराच्या मांसात कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट, पाणीदार दाणे दिसतात. ती पट्टकृमीची पिल्लावस्था असते. तसं मांस धुऊन, निवडून वापरायचं नाही. सगळंच टाकून द्यायचं. दाणे दिसले नाहीत तरी डुकराचं मांस अर्धकच्चं खायचं नाही, आणि कच्च्या मांसाची सुरी-पाट सांबार (कोथिंबीर) किंवा कांदा चिरायला घ्यायची नाही. शेतात पडलेल्या रानडुकराचा तर विचारच नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा प्रश्न आहे आणि मेलेल्या जनावराचं मांस सुरक्षित नसतं.

पट्टा पालथा केला की हाडांच्या आतल्या अंगाला चकचकीत पांढरी झिल्ली दिसते. ती कितीही शिजवली तरी कागदासारखी राहते आणि मीठ-मसाला आत जाऊ देत नाही. टोकाच्या हाडावर चमच्याची मूठ तिच्याखाली सरकवून थोडी उचलायची, मग कोरड्या फडक्यात धरून ओढायची. फडकं हवंच, नुसत्या बोटांतून ती निसटते. तुटली तर पुढच्या हाडापासून पुन्हा सुरुवात करायची. या कामाला ५ मिनिटं लागतात आणि ती वाचवायची नाहीत.

दीड किलोला मी २२ ग्रॅम मीठ घेतो, म्हणजे चहाचे सपाट ४ चमचे. त्यात १ चमचा हळद, २ मोठे चमचे अद्रक-लसणाचं वाटण, १ चमचा भरडलेले मिरे. फ्रीज असेल तर हे चोळून रात्रभर ठेवावं, मीठ आतपर्यंत जातं. फ्रीज नसेल तर तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि मांस बघता बघता खराब होतं. ओल्या पोत्यात गुंडाळलेला गंज फ्रीजची जागा घेत नाही.

कच्च्या पपईबद्दल सगळेच सांगतात. मी करून पाहिलं. पपईतला पाचक रस मांस नक्की तोडतो, पण वरवरचं. रात्रभर लावलेल्या बरगड्यांचं वरचं बोटभर मांस लगद्यासारखं झालं आणि हाडाजवळचं तसंच चिवट राहिलं. दह्याने आणि चिंचेने चव येते. कोलॅजनला मात्र वेळ आणि मंद आचच लागते.

आता विस्तव. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) भडभड पेटतात आणि लगेच विझतात. चूल पेटवायला उत्तम, पण अडीच तासांच्या शिजवणीला नाहीत. मी पऱ्हाटीवर चूल धरून बाभळीची जाड लाकडं लावतो आणि ती निखाऱ्यावर आली की वर गोवऱ्या ठेवतो. कणकेचे रोडगे भाजताना जशी दबलेली, एकसारखी आच लागते, तशीच इथे हवी. जाड बुडाचा गंज घेऊन पट्टे मध्ये कापून हाडांची बाजू खाली ठेवतो, २ कांदे मोठे चिरून खाली घालतो आणि फक्त दीड पेला गरम पाणी. मांस पाण्यात बुडता कामा नये, अर्ध्याहून कमी भिजलं पाहिजे. झाकणाच्या कडेला मळलेली कणीक लावून बंद करतो. ज्वारीचं पीठ लावू नका, ते वाळून तडकतं आणि वाफ निघून जाते. झाकणावर ४-५ निखारे ठेवले की वरूनही ऊब मिळते.

कान लावून ऐकायचं. आत अधूनमधून बुडबुडा फुटल्यासारखी हळू गुडगुड हवी. खदखदायला लागलं की लाकूड मागे ओढायचं. जोरात उकळलेलं मांस पाणी पिळून टाकतं, मग वरून मऊ आणि खाताना भुसा, असं होतं. दर ४० मिनिटांनी फक्त विस्तव बघायचा, झाकण उघडायचं नाही.

वेळ डुकरावर असतो. पांढऱ्या, लवकर वाढवलेल्या डुकराच्या बरगड्या पावणेदोन ते दोन तासांत होतात. काळ्या गावठी डुकराला अडीच तास धरावेत. जनावर वयस्क असेल तर तीन. तीन खुणा बघतो. हाडाच्या टोकावरून मांस जवळजवळ एक सेंटिमीटर मागे सरलेलं असतं. हाड पिळलं की ते थोडं फिरतं. आणि दाभण दोन हाडांच्या मध्ये टोचलं की लोण्यात गेल्यासारखं जातं, अडकत नाही. (दाभण फक्त स्वयंपाकासाठी नवं ठेवावं, पोती शिवायचं नको.) अडकलं तर पाणी किती उरलंय ते बघून अर्धा पेला गरम पाणी घालायचं आणि आणखी २५ मिनिटं थांबायचं. थंड पाणी घालू नये, आच मोडते.

गॅस आणि कुकर असेल तर पहिली शिटी झाली की आच बारीक करून २५ मिनिटं, गावठीला ३५. आत तापमान १२० अंशांजवळ जातं म्हणून वेळ वाचतो. नंतर शिटी उचलून वाफ सोडायची नाही. दाब एकदम पडला की मांसातलं पाणी आतल्या आत उसळतं आणि तंतू कोरडे पडतात. आपोआप थंड होऊ द्यावं, १५-२० मिनिटं लागतात. चुलीची चव मात्र येत नाही, हे मी मानतो.

मऊ झालेला पट्टा लगेच भाजायला घेतला तर तो तुटतो. परातीत काढून २० मिनिटं उघडा ठेवतो. वरचा ओलावा सुकतो, मसाला धरतो. तेवढ्यात गंजातल्या रसावरची चरबी वाटीत काढून घेतो. ३ मोठे चमचे चरबी, २ चमचे भिवापुरी मिरचीचं तिखट, १ चमचा धने-जिरे पूड, अर्ध्या लिंबाचा रस, असा लेप लावून बाभळीच्या निखाऱ्यांवर जाळीत दोन्ही बाजू ४-४ मिनिटं. आधीच मीठ आहे, पुन्हा घालायचं नाही. गूळ आवडत असेल तर तो किसून शेवटच्या मिनिटाला, आधी लावला की काळा पडून कडू होतो. चरबी ठिबकून ज्वाळ उठली की जाळी बाजूला घ्यायची, पाणी मारायचं नाही. राख उडून मांसाला चिकटते. पऱ्हाटीच्या ज्वाळेवर किंवा धुरावर मांस मी कधीच धरत नाही. कपाशीवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात.

हाड आपणहून गळून पडायला लागलं असेल तर भाजायचा हट्ट सोडावा. त्या बरगड्या रश्शात घालाव्यात. गंजातला रस जिलेटिनमुळे दाट असतोच. २ भाजलेले कांदे, पाऊण वाटी भाजलेलं सुकं खोबरं, २ चमचे खसखस आणि १ मोठा चमचा भाजलेलं ज्वारीचं पीठ बारीक वाटायचं. काढलेल्या चरबीत ते तेल सुटेपर्यंत परतायचं, तिखट घालायचं, रस ओतून १० मिनिटं उकळायचं. तर्री वर आली की बरगड्या सोडायच्या, सांबार भुरभुरायचा आणि गंज उतरवायचा.