तुम्ही विचारलंत म्हणून: सवय झाली का?

आमचं घर लष्करी विमानांच्या सरावाच्या वाटेखाली आहे असं कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "एव्हाना सवय झाली असेल, नाही?" पूर्वी मी "हो, झाली" म्हणून विषय मिटवायचो. तुम्ही उत्तरासाठी थांबलात, म्हणून खरं काय ते सांगतो.

कानाला झाली, थोडीफार. विमान आलं की घरातले सगळे वाक्य अर्धवट सोडून गप्प होतात आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. पाहुण्यांना याची मोठी गंमत वाटते. झोपेचं मात्र वेगळं आहे. सुरुवातीला दचकून उठायचो, आता बऱ्याचदा जागच येत नाही. पण झोपेवरचे अभ्यास सांगतात की माणूस जागा व्हायचा कमी झाला, तरी आवाजासरशी वाढणारे हृदयाचे ठोके फारसे सवयीला जुमानत नाहीत. म्हणजे मी झोपलेला आणि काळीज जागं.

प्रवासी विमान दुरून घरघरत येतं, मनाची तयारी करायला वेळ देतं. लढाऊ विमान जमिनीलगत सेकंदाला २३० मीटर वेगाने येत असेल, तर ते एक किलोमीटरवर असतानाचा आवाज आपल्यापर्यंत पोचायला तीन सेकंद लागतात, आणि सव्वाचार सेकंदांत विमान डोक्यावर. हातात उरतो जेमतेम सव्वा सेकंद. तेवढ्यात दचकण्यापलीकडे काय करणार?

अमेरिकेत ग्रीन्सबरोजवळ थॉमस ली कॉजबी यांचा कोंबड्यांचा फार्म होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेजारच्या धावपट्टीवर उतरणारी लष्करी विमानं त्यांच्या घरावरून अवघ्या ६७ फुटांवरून जात. घाबरून भिंतींवर आपटून सुमारे १५० कोंबड्या मेल्या, धंदा बसला. १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सतत इतक्या खालून उडणं म्हणजे सरकारने जमिनीवर हक्क घेतल्यासारखंच आहे, त्याची भरपाई द्यायला हवी. खरं सांगू, मला कॉजबींचा थोडा हेवा वाटतो. त्यांच्याकडे मोजून दाखवायला कोंबड्या तरी होत्या.

आमच्याकडे मोजतात ती आवाजाची सरासरी. एका बैठकीत आम्हाला त्या सरासरीचा रंगीत नकाशा दाखवला. आमचं घर हिरव्यात, म्हणजे कमी आवाजाच्या भागात. घरी येऊन मी आकडेमोड केली: १०० डेसिबलचा एका सेकंदाचा आवाज दिवसाच्या ८६,४०० सेकंदांवर पसरला, की सरासरी निघते ५१ डेसिबलच्या आत. आपण दोघं आत्ता बोलतोय, तो आवाज ६०च्या आसपास असेल. रात्रीच्या आवाजाला १० डेसिबल वाढवून धरायची पद्धत आहे, पण तसं धरूनही आकडा या गप्पांएवढाच होतो. हिशेबात चूक काहीच नाही. फक्त दचकणं कधी सरासरीने होत नाही.

"देशासाठी एवढं सोसवत नाही का?" असंही काही जण विचारतात. सोसतोच आहोत. सराव व्हायला हवा, रात्रीही व्हायला हवा, याबद्दल माझा वाद नाही. पण एकदा काय झालं, दहा रात्रींच्या सरावाची वेळ आधी कळवली होती: नऊ ते अकरा. विमानं तीच, आवाजही तोच, खिडक्यांची तावदानं तशीच थरथरली. पण अकरा वाजले की आम्ही दिवा मालवायचो आणि गाढ झोपायचो. त्या दहा रात्रींत आईने एकदाही उठून पाणी मागितलं नाही. पुढच्या खेपेला सूचना आली नाही. चौकशी केली तर "वेळा बदलत असतात" एवढंच उत्तर.

आणि हो, घर का विकत नाही, हेही तुम्ही विचारणारच. काढलं होतं विकायला. पण बघायला येणाऱ्यांना कुठली वेळ द्यायची, तेच ठरवता येईना.