खाली उतरू नका

पहाटे साडेचारच्या सुमारास नियंत्रण कक्षात पहिला फोन आला तो डोळे चुरचुरतात म्हणून. दुसरा खोकल्याचा. तिसरा माणूस म्हणाला, "पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय साहेब." तिन्ही पत्ते नकाशावर लावले तर ते नाल्याच्या कडेने एका ओळीत, आणि ओळीच्या वरच्या टोकाला पाणी शुद्धीकरण केंद्र. तिथे क्लोरीनचे टनर असतात, म्हणजे दाबाखाली द्रव केलेला वायू भरलेल्या मोठ्या पोलादी टाक्या, एकेकात साधारण 900 किलो. केंद्रातून निरोप यायच्या आत मी अग्निशमन दलाला वर्दी दिली.

क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड. पहाटेच्या थंड, पडलेल्या हवेत तो वर जात नाही. सखल भाग शोधत जमिनीलगत सरकतो. म्हणजे नाला, तळघरं, तळमजले. आणि माणूस घाबरला की करतो काय? जिना उतरून बाहेर पळतो. कक्षात भोंगा वाजवून सगळ्यांना मैदानात आणायचा आग्रह सुरू झाला होता. मैदान नाल्याला लागूनच, वस्तीहूनही खाली. मी ठाम नकार दिला. एकच सूचना सगळीकडे जाऊ द्या: वरच्या मजल्यावर जा, दारं-खिडक्या लावा, फटींत ओले कपडे कोंबा, खाली उतरू नका. आपत्तीच्या कामात चुकीची सूचना वायूपेक्षा वेगाने पसरते, असं माझं मत आहे.

तळमजल्यावरून एका बाईंचा फोन आला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. "त्यांना सोडून कशी जाऊ?" मी म्हटलं, "ताई, सोडायचं नाहीच. शेजाऱ्यांची दारं वाजवा, चादरीत घालून चौघांनी उचला. फोन बंद करू नका." जिन्यावरचा आरडाओरडा, कुणाचं तरी "सावकाश, सावकाश, डोकं सांभाळा", मग दार आपटल्याचा आवाज. दुसरा मजला. त्यानंतरच पुढचा फोन घेतला.

इकडे वायरलेसवर केंद्रातलं काम ऐकू येत होतं. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून जवान आत गेले. अमोनियात भिजवलेला बोळा झडपेपाशी नेताच पांढरा धूर उठला, गळती सापडली. गळत होती खालची झडप, म्हणजे द्रवच बाहेर येत होता, आणि द्रवाचा वायू झाला की आकारमान साडेचारशेपटीहून जास्त होतं. कुणीतरी पाण्याचा फवारा मागितला. पथकप्रमुख ओरडले, "टनरवर पाणी नाही!" ओल्या क्लोरीनचं आम्ल होतं, ते धातू खातं आणि भोक मोठं होतं. त्यांनी टनरच फिरवला, गळकी झडप वर आणली. आता नुसता वायू येऊ लागला, जोर ओसरला, मग झडपेवर टोपण बसवून घट्ट केलं. ही माणसं थोर आहेत, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

ऊन तापलं, वारा सुटला, वास विरला. माझ्या दृष्टीने काम तिथे संपत नव्हतं. क्लोरीनने फुप्फुसांत पाणी साचायला काही तास लागू शकतात. सकाळी ठणठणीत दिसलेला माणूस रात्री गुदमरतो. म्हणून तपासून घरी सोडलेल्या प्रत्येकाला संध्याकाळी फोन करायला लावले. एका आजोबांना धाप लागली होती, "उगाच कशाला त्रास द्यायचा" म्हणून ते गप्प बसले होते. अँब्युलन्स पाठवली, ते वाचले.

पुढच्याच आठवड्यात केंद्रावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी लागली आणि तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करायला आम्ही दारोदार फिरू लागलो.