पाणीपातळी लायब्ररी: दोन रविवार विंडोजच्या नावे

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पातळीचे आकडे वाचणारी माझी छोटी सी++ लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) लिनक्सवर चालायला लागली, तिथवर मागच्या वेळी आलो होतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ. कोडमध्येही तेच सगळ्यात आधी लिहिलेलं. मग विश्रामबागेतला मित्र म्हणाला, "माझ्या विंडोजवर दे की लेका." झालं.

आधी घर आवरलं. सगळ्या फायली एका फोल्डरात आणि जागोजागी इफडेफ (ही सिस्टिम असेल तर हा कोड, नाहीतर तो), असा कारभार होता. आता बाहेरच्यांनी वापरायची हेडरं, म्हणजे फंक्शनांची ओळख देणाऱ्या फायली, 'इन्क्लूड'मध्ये, बाकी 'सोर्स'मध्ये. त्यात विंडोजसाठी 'विन' आणि लिनक्ससारख्यांसाठी 'पॉझिक्स' अशा दोन वेगळ्या चुली. सीरियल पोर्ट उघडायची कुठली फाईल घ्यायची ते बिल्डची आखणी करणारं सीमेक बघतं. फोल्डरातल्या फायली आपोआप उचलणारं फाईल-ग्लॉब काढून नावं हातानं लिहिली. ग्लॉब यादी करतं कॉन्फिगरच्या वेळी, दर बिल्डला नाही; त्यामुळे नवी फाईल टाकली की तुकडे जोडणारा लिंकर बोंबलायचा. अठरा फायलींसाठी कसला आलाय आळस!

खरा घोळ पुढं. विंडोजवर डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) तयार झाली, पण दुसऱ्या प्रोग्रामला ती जोडायला लागणारी डॉट-लिब फाईल गायब. पाथ तपासले, बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा बांधलं, बिचाऱ्या अँटिव्हायरसवरही आळ घेतला. दोन रविवार त्यातच गेले. कारण साधं निघालं: लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर शेअर्ड लायब्ररीतली फंक्शनं न सांगता बाहेर दाखवतो, विंडोजच्या कंपायलरला एक्स्पोर्ट करायचं म्हणून सांगावं लागतं. मी एकही सांगितलं नव्हतं, मग डॉट-लिब कशाची बनणार? सरसकट सगळं उघडं करायची सोय सीमेकमध्ये आहे, पण ती नको वाटली. एक्स्पोर्टची खूण, म्हणजे मॅक्रो, बनवून देणारं सीमेकचंच जनरेट-एक्स्पोर्ट-हेडर घेतलं आणि लिनक्सवरही व्हिजिबिलिटी हिडन केली, म्हणजे तिथंही न सांगता काही बाहेर दिसत नाही. आता मॅक्रो लावायला विसरलो तर घरच्या मशीनवरच कळतं.

तिसऱ्या रविवारी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर टाकलं, तर पातळी २५५ फूट! एवढं पाणी म्हणजे थेट दंडोबाचा डोंगर गाठायचा. 'वाचन नाही' यासाठीचा उणे एक मी साध्या कॅरमध्ये, म्हणजे एका बाइटच्या प्रकारात, ठेवला होता; इंटेलवर कॅर साइन्ड (उणे आकडे चालतात), पायच्या एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड (चालत नाहीत), म्हणून उणे एकाचे २५५ झाले. सगळीकडे साइन्डच असणारं इंट८_टी केलं, टेस्ट लिहिली.

मित्राकडं आता चालतंय. त्याला आलेख मात्र मीटरमध्ये हवाय. सांगलीत राहून!