तुम्ही विचारलंत म्हणून : एग पंक असं चिरकं का वाजतं?

घरी कुणी आलं आणि माझी गाणी चालू असली की प्रश्न ठरलेला : "टेप अडकलीये का? आणि हा माणूस असा चिरक्या आवाजात का गातोय?" त्याला एग पंक म्हणतात, पंक या वेगवान, उग्र रॉक संगीताचा हा एक विक्षिप्त प्रकार, एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिकागोला लागून इंडियाना राज्याचा वायव्य कोपरा आहे, पोलाद कारखान्यांचा पट्टा. 2010 नंतरच्या दशकात तिथून द कोनहेड्स हा बँड निघाला. कोरडी, टोचणारी गिटार, भरधाव ड्रम्स, तुटक गाणं. 2015च्या त्यांच्या एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, लांबलचक नावात, आम्ही डेव्होची नक्कल करून भोळ्या पोरांकडून पैसे उकळतो, असं त्यांनीच छापून टाकलं. डेव्हो म्हणजे शेजारच्या ओहायोतला, अ‍ॅक्रन या टायर कारखान्यांच्या शहरातला 1973चा बँड. 4 मे 1970 रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या लष्करी दलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले, तेव्हा पुढे डेव्हो काढणारा जेराल्ड कसाले तिथे हजर होता. माणूस पुढे जात नसून मागे चाललाय, हा त्यांचा विचार त्या दिवसानं पक्का केला. त्यामुळे या संगीताला नुसता पोरखेळ म्हटलेलं मला पटत नाही. त्याच्या विचित्रपणाखाली राग आहे.

'एग' हे नाव बरंच नंतर, 2017च्या सुमारास, एका मीममधून चिकटलं : एकीकडे कातडी जाकीट आणि साखळ्या घालणारे रागीट 'चेन' पंक, दुसरीकडे हे विक्षिप्त 'एग'.

आता आवाजाचं. यातली बरीच गाणी घरातच, कॅसेटच्या फोर-ट्रॅकवर, म्हणजे टेपवर चार आवाजपट्टे (ट्रॅक) वेगवेगळे भरणाऱ्या छोट्या यंत्रावर, रेकॉर्ड होतात. असा पहिला रेकॉर्डर, टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ, 1979 साली आला. साध्या स्टिरिओ कॅसेटवर एका बाजूचे दोन आणि उलटवल्यावर दोन असे चार ट्रॅक असतात. फोर-ट्रॅक ते चारही एकाच दिशेनं वापरतो. म्हणून ती कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरमध्ये उलटी घातली, तर उरलेलं अर्धं गाणं मागून पुढे वाजतं! चारच ट्रॅक, त्यामुळे जागा कमी पडते. मग तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिनांवर पुढचं वाजवायचं. दर उतरवणीत खरखर वाढते, आवाजाची धार जाते, आणि जुन्या तिनांवर नवं भरलं की परतीचा रस्ता बंद.

चिरक्या गळ्याचं गुपितही त्याच यंत्रात आहे. टेपचा वेग थोडा कमी करून गायचं, मग वेग पूर्ववत करायचा. आवाज वर चढतो, बारीक होतो. सगळेच असं करतात असं नाही. ड्रमरऐवजी ड्रम मशीन, आणि अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) न वापरता गिटारची वायर थेट रेकॉर्डिंगच्या मिक्सरमध्ये. भाड्याच्या खोलीत, भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असताना एकट्या माणसाला एवढंच शक्य असतं. गाणं असं वाजतं त्याचं कारण ही खोली आहे. हल्ली कंप्युटरवर स्वच्छ रेकॉर्ड करून वरून खरखर मिसळणारेही आहेत. त्यात मला काही सापडत नाही.

आणि एका खोलीत, एकट्यानं करता येतं म्हणूनच हे संगीत इतकं पसरलं. सेंट लुइसचे लंपी अँड द डंपर्स, सिडनीचे जी टी आणि सटॅनिक टोगाज, बार्सिलोनाचे प्रिझन अफेअर, असे कितीतरी बँड. ऑस्ट्रेलियातला आर.एम.एफ.सी. हा बँड तर बझ क्लॅटवर्दीनं शाळकरी वयात एकट्यानं सुरू केला. स्टुडिओचं भाडं नाही, कंपनीची परवानगी नाही. ज्यांना कुणी कधी बँडमध्ये घेतलं नसतं त्यांना इथे जागा मिळाली, याचं मला फार मोल वाटतं.

ऐकायचं असेल तर सुरुवात अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्नूपर या बँडपासून करा. 2023 साली थर्ड मॅन रेकॉर्ड्स या कंपनीनं त्यांचा अल्बम काढला आणि स्नूपरच्या कार्यक्रमात मंचावर कागदाच्या लगद्याच्या मोठाल्या बाहुल्या नाचतात, तेही बघा. तिथून मग कोनहेड्सकडे जा. आवाज जरा मोठा ठेवा. एखादं गाणं नाहीच झेपलं, तर दोनेक मिनिटांत ते संपतंच.