आली का गं लस?

18 मे, एचआयव्ही लस जागृती दिन. रात्री जेवणं उरकली की मावशींचा फोन ठरलेला. "आली का गं लस?"

"नाही मावशी."

वीस वर्षं झाली, हे एवढंच चाललंय.

2005च्या फेब्रुवारीत एचआयव्ही लशीची देशातली पहिली मानवी चाचणी आमच्या भोसरीत, 'नारी' म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. त्याआधी मी वस्त्यांमधून माहिती सांगत फिरायचे. संक्रांतीच्या एका हळदीकुंकवात घुसले. बायकांच्या हातात वाणाच्या प्लॅस्टिकच्या गाळण्या, माझ्या हातात तक्ते. पहिलाच प्रश्न आला, "म्हंजे सुईतून एड्स टोचणार?"

तक्त्यावरचे काटेरी गोळे दाखवून उपयोग नव्हता. मी विचारलं, "तुमचे मालक कंपनीत काय बनवतात?"

"गिअर."

"त्या गिअरवर बसून निगडीला जाता येतं का?"

हशा पिकला. लशीत विषाणूच्या जनुकांचे मोजके सुटे पार्ट आहेत, त्यातून अख्खी गाडी जुळत नाही, हे तिथल्या तिथे पटलं.

मला धास्ती होती ती दुसऱ्या प्रश्नाची. "टोचून घेतलं की निरोध नको ना?" हवाच! पहिल्या टप्प्यात लस सुरक्षित आहे का, एवढंच प्रामुख्याने बघतात. शिवाय लशीमुळे रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या, तर लागण नसतानाही साधी तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. लग्न ठरायच्या पोरीला हे कसं सांगायचं? मला तेव्हाही नीट जमलं नाही.

मावशी दाराबाहेर उभ्या होत्या. विधवा, म्हणून आत नाहीत. नवरा ट्रकवर होता, याच आजाराने गेला, त्याही पॉझिटिव्ह. "मला घेतील?"

"निरोगी माणसंच घेतात, मावशी."

"मग पोरीसाठी आण."

ती लस सुरक्षित निघाली, पण प्रतिकारशक्ती जेमतेमच जागी झाली. 2009 मध्ये थायलंडहून बातमी आली, दुसऱ्या एका लशीच्या, सोळा हजारांवर लोकांच्या चाचणीत सुमारे 31 टक्के संरक्षण. त्या दिवशी मी स्वतःहून फोन केला होता. पुढे 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेतली मोठी चाचणी थांबवली, 2023 मध्ये 'मोझायको' नावाची आणखी एक. तेही फोनवर सांगितलं. आता लागण टाळायला सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविरच्या इंजेक्शनला लोक लस म्हणू लागलेत. अहो, ते औषध आहे! त्यावरून मी लग्नाच्या पंगतीतही भांडलेय.

यंदा बोलता बोलता मावशींच्या मोबाइलचा गजर वाजला.

"ठेव गं. गोळीची वेळ झाली."