लेट-७ गेला कुठे?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला वरकरणी साधं काम मिळालं. यकृताच्या कर्करोगातून आलेल्या हेपजी-२ पेशींत लेट-७ हा मायक्रोआरएनए (इतर जनुकांचे संदेश दाबणारा चिमुकला आरएनए) किती आहे, ते मोजायचं. जेमतेम २२ अक्षरांचा, म्हणजे न्यूक्लिओटाइडांचा रेणू. २००० साली गॅरी रुवकन यांच्या प्रयोगशाळेने तो सूत्रकृमीत शोधला आणि त्याच वर्षी तो माणसातही असल्याचं दिसलं.

तीन महिने माझ्या हाती काहीच लागलं नाही. आरएनए किती आहे ते मोजणाऱ्या क्यूपीसीआर चाचणीचा आलेख हलायलाच तयार नाही. शेवटी लॅबमधल्या सीनियर ताईने विचारलं, "अगं, आरएनए कशावर काढतेस?" मी कॉलमच्या, म्हणजे आरएनए अडवून धरणाऱ्या गाळणीच्या नळीच्या, किटचं नाव सांगितलं. ती हसली. साध्या कॉलमवर साधारण २०० अक्षरांहून लहान आरएनए टिकतच नाही, धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. माझा लेट-७ तीन महिने सिंकमध्ये चालला होता! किटच्या माहितीपत्रकात हे छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

मग कॉलमऐवजी पेशी विरघळवणारं ट्रायझॉल, आरएनए खाली बसवणारं आयसोप्रोपॅनॉल, रात्रभर उणे २० अंश. आता यू-६ हा पेशीत नेहमी असणारा लहान आरएनए व्यवस्थित दिसला, म्हणजे लहान आरएनए हाती आला होता. लेट-७ मात्र तसाच, नावापुरता. या वेळीही मी स्वतःलाच दोष देत आणखी दोन आठवडे घालवले.

मॅडमनी एवढंच सुचवलं, "कच्चा माल आहे का ते बघ." कच्चा माल म्हणजे प्राय-लेट-७, जनुकावरून उतरलेली लांब प्रत. केंद्रकात ड्रोशा आणि डीजीसीआर-८ ही प्रथिनं तिच्यातून सुमारे ७० अक्षरांची केसपिनेसारखी घडी कापून काढतात. पेशीद्रवात डायसर तिला अंतिम आकार देतो. ती लांब प्रत भरपूर होती. माल येत होता, कापला जात नव्हता.

अडवणारा होता लिन-२८बी. हे प्रथिन लेट-७च्या घडीच्या फासाला बिलगतं. लिन-२८ लेट-७ची घडण रोखतं, हे २००८मध्येच कळलं होतं. त्याचा भाऊ लिन-२८ए पेशीद्रवात टीयूटी-४ या एन्झाइमला बोलावून घडीला 'यू' या अक्षरांची शेपूट लावतो आणि डीआयएस३एल२ हे दुसरं एन्झाइम ती घडी शेपटासकट चावून टाकतं. लिन-२८बी केंद्रकातच लांब प्रत धरून ठेवतो, ड्रोशापर्यंत पोचूच देत नाही, असं २०११च्या कामातून पुढे आलं. माझ्या आकड्यांशी हे जास्त जुळत होतं.

लिन-२८बीचा संदेश नष्ट करणारा एसआयआरएनए पेशींना देऊन ७२ तास थांबले. वेस्टर्नवर, म्हणजे प्रथिनांच्या चाचणीत, लिन-२८बीची पट्टी फिकी पडली आणि लेट-७चा सीटी, म्हणजे क्यूपीसीआरमध्ये तो दिसायला लागणारी दुपटीची आवर्तनं, दोनाने उतरला, म्हणजे जवळपास चौपट वाढ. गंमत अशी की लेट-७ स्वतःही लिन-२८बीचा संदेश दाबतो. म्हणजे दोघंही एकमेकांच्या छातीवर बसलेले.

मी प्रयोग आणखी दोनदा केला. दोन्ही वेळा कॉलमची पेटी कपाटात कुलूपबंद होती.